लाडू वळला तर माती नापास : बोन्सायच्या कुंडीसाठी माती कशी निवडायची?



मागच्या वर्षीची वटपौर्णिमा झाली आणि आमच्या गटाच्या बैठकीत एक विषय निघाला. शहरात आता बऱ्याच घरी वडाची फांदी तोडून आणण्यापेक्षा कुंडीतला वड पुजतात. मग पुढच्या वटपौर्णिमेला आपणच वडाची बोन्साय तयार करून का विकू नयेत? वडाची रोपं तर आपल्याकडे फुकट उगवतात. विहिरीच्या कठड्यावर, पडक्या भिंतीच्या फटीत, कौलाच्या पन्हाळीत. आमच्यातल्या काहीजणींनी अशी रोपं दोन-तीन वर्षं जुन्या डब्यात वाढवलेलीच होती. थोडी विकत आणली. गटातून अंतर्गत कर्ज घेतलं, उथळ कुंड्या आणल्या आणि ४० झाडं लावली.

माती? मातीचा कोणी विचारच केला नाही. रानातली काळीभोर माती घेतली, त्यात शेणखत मिसळलं. ज्या मातीत कापूस येतो, तूर येते, त्या मातीत वड येणार नाही होय?

पहिले काही दिवस झाडं बरी दिसली. मग झडीचा पाऊस लागला. पानं पिवळी पडली, माना टाकल्या, गळून गेली. ऑगस्ट संपेपर्यंत २३ झाडं गेली. पाण्याचं काम एका ताईकडे दिलेलं होतं. बैठकीत सगळ्यांनी तिलाच धरलं. एक म्हणाली, "तू पाणी जास्त घातलंस." दुसरी म्हणाली, "कमी घातलंस, पानं तर सुकून लोंबत होती." ती बिचारी खाली मान घालून बसली.

नंतर मेलेलं एक झाड आम्ही कुंडीतून उपसून काढलं. मातीचा एकच घट्ट गोळा निघाला. खालची मुळं काळी, बोटाने दाबली तर सालासकट निसटणारी, आणि वास सडक्या पाण्याचा. तेव्हा कळलं की त्या ताईचं काही चुकलं नव्हतं. चुकली होती माती, आणि ती आम्ही सगळ्यांनी मिळून निवडली होती. पुढच्या बैठकीत आम्ही तिला तसं तोंडावर सांगितलं, वहीत लिहिलं आणि नुकसान सगळ्यांनी वाटून घेतलं.

तुमच्या गटावर ही वेळ येऊ नये म्हणून हा लेख. यातलं बहुतेक सामान तुमच्या घरामागे किंवा गावात मिळेल. विकत घ्यायचं फार थोडं आहे.

उथळ कुंडीत वेगळं काय होतं?

बोन्साय हा जपानी शब्द आहे. 'बोन' म्हणजे उथळ थाळीसारखं भांडं आणि 'साय' म्हणजे लावलेलं झाड. म्हणजे नावातच उथळ कुंडी आहे. ही कला मुळात चीनमधून जपानात गेली आणि तिथे फुलली. झाड लहान राहतं ते त्याला उपाशी ठेवून नव्हे, तर मुळं आणि फांद्या वेळोवेळी छाटून. उपाशी ठेवलं तर झाड लहान राहत नाही, आजारी पडतं.

उथळ कुंडीची अडचण समजायला एक प्रयोग करा. भांडी घासायचा नवा चौकोनी स्पंज घ्या. पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा धरा. पुन्हा पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. फक्त उंची वाढली आणि जास्त पाणी खाली उतरलं.

कुंडीतही हेच होतं. पाणी घातल्यावर तळाशी मातीचा एक थर चिंब राहतो. कुंडी एक फूट खोल असेल तर तळाची दोन-तीन बोटं चिंब राहतात आणि वरची मुळं मोकळी श्वास घेतात. पण कुंडीच मुळी तीन बोटं खोल असेल तर? सगळीच माती चिंब. म्हणून तीच माती खोल कुंडीत तुळशीला, गुलाबाला चालते आणि बोन्सायच्या थाळीत झाड मारते.

मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत हवा असते. त्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्याने भरून राहिल्या की मुळं गुदमरतात आणि सडतात. सडलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. त्यामुळे कुंडी चिंब असूनही झाड तहानलेल्या झाडासारखं दिसतं, पानं लोंबतात. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी घालतो. आमच्या बैठकीत दोघी दोन उलट गोष्टी बोलत होत्या, त्याचं कारण हेच.

रानातली माती का चालत नाही?

आपली काळी माती पिकाला सोन्यासारखी आहे, पण तिचा कण फार बारीक. ती भिजली की फुगते, पोकळ्या बंद करते. वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. उन्हाळ्यात तुम्ही पाणी घालता, ते कडेच्या भेगेतून सरळ खाली जातं आणि मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणजे पावसाळ्यात झाड बुडून मरतं आणि उन्हाळ्यात पाणी घालूनही तहानेने मरतं.

कोकणातली तांबडी माती यापेक्षा बरी, पण तिच्यातही बारीक गाळ असतो. तो पाण्याबरोबर खाली उतरतो, तळाला बसतो आणि छिद्राजवळ चिखल करतो.

म्हणून बोन्सायची माती निवडताना "माती कसदार आहे का?" हा पहिला प्रश्न नाही. पहिला प्रश्न आहे, "माती दाणेदार आहे का?" कस आपण नंतर खताने देऊ शकतो. पोकळी नंतर देता येत नाही.

जपानमध्ये यासाठी अकादामा नावाची माती वापरतात. ज्वालामुखीच्या राखेपासून झालेली ही माती खाणीतून काढून, वाळवून, चाळून दाण्यांच्या आकारानुसार विकतात. आपल्याकडे ती बाहेरून येते आणि महाग पडते. आपल्याला तिची गरज नाही. तिचा गुण काय तो समजून घेऊ : दाणा टिकतो, दाण्याच्या आत थोडं पाणी राहतं आणि दोन दाण्यांच्या मध्ये हवा राहते. हा गुण आपल्या भाजक्या विटेत आहे, फुटक्या माठात आहे.

सामान कुठून आणायचं?

चांगल्या मिश्रणात तीन गोष्टी लागतात : पाणी धरणारा दाणा, पाणी वाहू देणारा दाणा आणि थोडं खत.

१. पाणी धरणारा दाणा – वीट, कौल, खापर. वीटभट्टीवर तुटक्या विटांचा ढीग पडलेला असतो. पक्की भाजलेली, लाल वीट निवडा. एक तुकडा रात्रभर पाण्यात टाका. सकाळी बोटाने चोळल्यावर चिखल झाला तर वीट कच्ची, ती घेऊ नका. फुटके माठ, पणत्या, जुनी मातीची कौलंही चालतात. कोकणातल्या मैत्रिणींनो, जांभा दगड घडवताना पडणारे बारीक तुकडे तुम्हाला विटेऐवजी वापरता येतील. मात्र सिमेंट किंवा चुना लागलेली वीट नको. त्यातला चुना पाण्यात उतरतो आणि पानं पिवळी पडतात. पांढरा क्षार फुटलेली वीटही नको.

२. पाणी वाहू देणारा दाणा – जाड वाळू किंवा ग्रिट. नदीची जाड वाळू उत्तम. पण नदीतून परस्पर वाळू उचलायची नाही, त्याला परवानगी लागते. गावात बांधकाम चालू असेल तिथून चार घमेली विकत घ्या. वाळू मिळाली नाही तर खडी क्रशरवरची बारीक ग्रिट आणा आणि चांगली धुऊन घ्या. कठीण मुरूम चाळून, धुऊन चालतो, पण त्याचीही विटेसारखीच पाण्यात परीक्षा घ्या. मऊ मुरमाचा चिखल होतो. समुद्राची वाळू अजिबात नको. तिच्यातलं मीठ मुळं जाळतं.

३. खत – पूर्ण कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत किंवा गांडूळ खत. पूर्ण कुजलेलं म्हणजे हातात घेतल्यावर शेणाचा वास न येता ओल्या मातीचा वास यावा, आणि ढीग गरम लागू नये. कच्चं शेणखत मुळं जाळतं आणि त्याबरोबर हुमणीही येते. गांडूळ खत चांगलं असलं तरी फार बारीक असतं, म्हणून प्रमाणापेक्षा जास्त घालू नका. "खत जास्त तर झाड जास्त" हा हिशोब उथळ कुंडीत उलटा पडतो.

कोकोपीट वापरायचं असेल तर थोडंच घ्या. त्यात क्षार असू शकतात. बादलीत भिजवून, पाणी बदलून दोन-तीनदा धुवा आणि पिळून मग मिसळा.

आणि चुलीतली राख? आपल्याला सवय असते, भांडी घासून उरलेली राख कुंडीत टाकायची. बोन्सायमध्ये टाकू नका. ती पिठासारखी बारीक, पोकळ्या बुजवते. शिवाय ती क्षारयुक्त असते, चुन्यासारखाच परिणाम करते.

वीट फोडताना काळजी

हा मुद्दा लहान आहे पण विसरू नका. विटेची आणि दगडाची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि तिथेच राहते. त्यामुळे वीट आधी भिजवा. ओली वीट गोणपाटात घालून, तोंड दुमडून, हातोडीने फोडा. नाका-तोंडाला मास्क बांधा, पदराच्या एका पदराने भागत नाही. लहान मुलांना जवळ बसवू नका. चाळणं उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा.

चाळणी : सगळं कौशल्य इथेच

मिश्रण चांगलं की वाईट हे सामानापेक्षा चाळण्यावर ठरतं. दोन चाळण्या लागतात. स्वयंपाकघरातली नको, वेगळी जुनी घ्या.

मोठ्या भोकांच्या चाळणीतून तुरीच्या दाण्याएवढा तुकडा खाली पडायला हवा. वर राहिलेले मोठे तुकडे पुन्हा फोडा. खाली पडलेला माल आता बारीक चाळणीत घ्या. या चाळणीतून बाजरीपेक्षा बारीक सगळं निघून गेलं पाहिजे. वर जे राहिलं ते आपल्या कामाचं.

म्हणजे आपला दाणा बाजरी ते तूर, साधारण २ ते ६ मिलिमीटर. लहान कुंडीला बाजरीच्या जवळचा, मोठ्या झाडाला तुरीच्या जवळचा. खाली पडलेला चुरा कितीही चांगला दिसला तरी "वाया जातोय" म्हणून मिश्रणात परत टाकायचा नाही. तो परसबागेत टाका. आमच्यातल्या एकीने तो परत टाकला होता. सगळी मेहनत पाण्यात गेली, चाळलं काय आणि न चाळलं काय, सारखंच झालं.

चाळून झाल्यावर वीट आणि वाळू धुवा. धुतलेली वाळू काचेच्या बाटलीत घालून, पाणी भरून हलवा. मिनिटभराने पाणी गढूळच राहिलं तर आणखी एकदा धुवा.

खतात किडे, बुरशी असण्याची शंका असेल तर एप्रिल-मे महिन्यात खत ओलं करून पातळ थरात पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट अंथरा, कडा मातीने दाबा आणि चार ते सहा आठवडे उन्हात ठेवा. आतली उष्णता बरेच किडे, बुरशी आणि तणाचं बी मारते. याला एक पैसा लागत नाही.

कोणत्या झाडाला किती प्रमाण?

माप एकच ठेवा, मग डबा असो की घमेलं.

– वड, पिंपळ, उंबर आणि इतर फायकस : वीट २ भाग, वाळू १ भाग, खत १ भाग.

– जेड आणि अडेनियम : वीट २ भाग, वाळू २ भाग, खत अर्धा भाग. ही झाडं पानात, खोडात पाणी साठवतात. यांना ओल फार वेळ सोसत नाही.

– कामिनी, डाळिंब, चिंच, करवंद : वीट २ भाग, वाळू १ भाग, खत दीड भाग. फूल-फळ धरणाऱ्या झाडांना थोडा कस जास्त लागतो.

– बोगनवेल : वडासारखंच, पण खत थोडं कमी. हिला फार लाड केले की नुसती पानं येतात, फुलं नाहीत.

ही प्रमाणं म्हणजे देवाचा शब्द नव्हे. आपल्या गावचं हवामान बघून बदल करायचा. कोकणात, घाटमाथ्यावर महिनोन्‌महिने पाऊस असतो. तिथे खत अर्धा भाग कमी करा आणि वाळू तेवढी वाढवा. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात उथळ कुंडी दुपारपर्यंत कोरडी होते. तिथे वाळूतला अर्धा भाग काढून त्याऐवजी धुतलेलं कोकोपीट घाला आणि कुंड्या हिरव्या शेडनेटखाली ठेवा. दिवसातून एकदा पाणी घालता येणार की दोनदा, हेही विचारात घ्या. जी ताई रोज मजुरीला जाते तिच्या कुंडीला पाणी धरणारा दाणा थोडा जास्त हवा.

आणखी एक पैसे वाचवणारी गोष्ट. रोप लहान आहे, खोड अजून बोटाएवढंही नाही, तर त्याला उथळ कुंडीत घालायची घाई करू नका. उथळ कुंडीत खोड लवकर जाड होत नाही. त्याला खोल पिशवीत, डब्यात किंवा जमिनीत वाढू द्या. खोल भांड्यात चिंब थर तळाशीच राहतो, हे स्पंजाने दाखवलंच आहे. तिथे एक भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग खत हे साधं मिश्रण पुरतं. मेहनतीने चाळलेला माल तयार झाडासाठी राखून ठेवा.

तीन परीक्षा

झाड लावण्याआधी मिश्रणाची परीक्षा घ्या.

लाडूची परीक्षा : मिश्रण ओलसर करून मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. मोकळं होऊन पडलं तर पास. लाडू वळला तर नापास, बारीक माल जास्त आहे, पुन्हा चाळा.

तांब्याची परीक्षा : रिकाम्या कुंडीत मिश्रण भरा, एकदा चिंब भिजवून निथळू द्या. मग वरून तांब्याभर पाणी ओता. पाणी लगेच आत जाऊन खालच्या छिद्रातून धार लागली पाहिजे. १०-१५ सेकंद वर तळं साचलं तर नापास.

दुसऱ्या दिवसाची परीक्षा : तीच कुंडी सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन बोटं खुपसून पाहा. आत गार, ओलसर लागलं तर उत्तम. अगदी खडखडीत असेल तर मिश्रण पाणी धरत नाही, वीट किंवा खत थोडं वाढवा.

पहिल्या दोन परीक्षा पावसाळ्यासाठी आणि तिसरी उन्हाळ्यासाठी. झाड दोन्ही ऋतूंत जगलं पाहिजे.

कुंडी कशी भरायची?

छिद्रावर प्लॅस्टिकची जाळी ठेवा. तळाला खडीचा जाड थर घातला की निचरा होतो असं आपण ऐकत आलो. उथळ कुंडीत त्याचा उपयोग होत नाही, उलट तोटा होतो. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, वरच अडतं. म्हणजे चिंब थर मुळांच्या आणखी जवळ येतो आणि मुळांची जागाही जाते. सगळ्या कुंडीत एकच दाणेदार मिश्रण भरणं चांगलं.

झाड काढल्यावर जुनी माती बांबूच्या काडीने हलक्या हाताने मोकळी करा. सडलेली, काळी मुळं कापा. निरोगी झाडाची साधारण एक तृतीयांश मुळं छाटता येतात, त्याहून जास्त नको. झाड बसवून, छिद्रातून घेतलेल्या तारेने कुंडीला बांधा. झाड हललं तर नवी मुळं तुटतात. मग मिश्रण भरत जा आणि काडीने टोचत मुळांमधल्या जागा भरा. हाताने दाबून घट्ट करू नका. शेवटी झारीने पाणी घाला, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत. दोन-तीन आठवडे सावलीत ठेवा. महिनाभर खत देऊ नका.

अडेनियमची गोष्ट वेगळी. त्याची मुळं कापली असतील तर जखम वाळू द्या, आणि लावल्यावर काही दिवस पाणी घालू नका.

आपल्याकडे वडवर्गाची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा पावसाच्या सुरुवातीला कुंडीत भरता येतात. कडाक्याच्या थंडीत आणि मे महिन्याच्या उन्हात हे काम टाळा. तरुण झाडाची माती दर एक-दोन वर्षांनी बदला. तोवर विटेचे दाणे झिजून बारीक होतात आणि मुळं कुंडी भरून टाकतात. काढलेली जुनी माती वाळवून पुन्हा चाळा, वर राहिलेला दाणा नव्यात मिसळता येतो. मात्र सडलेल्या झाडाची माती परत वापरू नका.

मग झाडाचं पोट कसं भरायचं?

दाणेदार मातीत कस कमी, म्हणून थोडं-थोडं पण नियमित खायला घालायचं. वाढीच्या दिवसांत दर १५ दिवसांनी गांडूळ पाणी दसपट पाण्यात पातळ करून द्या. दोन महिन्यांतून एकदा चिमूटभर निंबोळी पेंड कडेने टाका. सततच्या पावसात खत थांबवा, ते वाहून जातं.

बोअरचं पाणी खारट असेल तर मातीवर पांढरा थर येतो. पावसाचं पाणी पिंपात साठवून महिन्यातून एकदा त्याने कुंडी धुतल्यासारखी भिजवा, म्हणजे साचलेले क्षार निघून जातील.

गटासाठी हिशोब

३० सेंटीमीटर लांब, २० रुंद आणि ६ खोल अशी एक कुंडी धरा. तिच्यात ३.६ लिटर मिश्रण मावतं. अशा १० कुंड्यांना ३६ लिटर. वडाच्या प्रमाणाने वीट १८ लिटर, वाळू ९ लिटर, खत ९ लिटर. वीट फोडताना बराच चुरा होतो, म्हणून तुकडे जवळजवळ दुपटीने आणा. वीट, वाळू, भाडं, आपली मजुरी असं सगळं वहीत लिहा आणि १० ने भागा, म्हणजे एका कुंडीच्या मातीचा खर्च कळेल. मजुरी नक्की लिहा. फोडणं, चाळणं, धुणं यात दोघींचे दिवस जातात. ते लिहिले नाहीत तर किंमत ठरवताना आपलेच श्रम आपण फुकट देऊन बसतो.

आणि पहिल्याच वर्षी सगळी झाडं एका मिश्रणात घालू नका. चार-पाच कुंड्यांवर एक पावसाळा बघा, मग वाढवा. आम्ही एकदम ४० लावली, तीही चूकच होती.

आमची जी १७ झाडं उरली होती ती आम्ही फेब्रुवारीत नव्या मिश्रणात भरली. दोन आधीच फार सडलेली होती, ती गेली. १५ उभी आहेत आणि यंदाचा पाऊस त्यांनी चांगला सोसला. या वटपौर्णिमेला मात्र एकही विकली नाही, अजून एक वर्ष त्यांना अंगाखांद्याने भरू देणार आहोत. कर्जाचे हप्ते सगळ्या मिळून भरतोय. पाण्याचं काम आजही त्याच ताईकडे आहे. तिनेच मागितलं.

पुढच्या मासिक बैठकीला एक स्पंज, एक तांब्या पाणी आणि आपल्या परसातली मूठभर ओली माती घेऊन जा. स्पंज आडवा धरा, उभा धरा. मग सगळ्यांसमोर मातीची मूठ वळून दाखवा. कर्जाचा अर्ज त्यानंतर लिहा.